उन्हाळ्यात जाड केसांच्या कुत्र्याला टक्कल करायचं का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की फोन सुरू होतात, "ताई, आमच्या ब्रुनोचे सगळे केस काढून टाका, बघवत नाही त्याच्याकडे". मी नागपुरात कुत्र्यांचं ग्रूमिंग करते, आणि इथला उन्हाळा कसा असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे लोकांची तगमग कळते. पण दर फोनवर तेच पुराण लावायचं म्हणजे माझं अर्ध काम तिथंच राहतं, म्हणून इथे एकदाचं सगळं लिहून ठेवतेय. वाचा, आणि मग फोन करा.

एका वाक्यात सांगा ना, कापायचे की नाही?

पॉमेरेनियन (पॉम), स्पिट्झ, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब, चाऊ चाऊ, सेंट बर्नार्ड असेल तर मशीन लावून टक्कल नको, आतले मेलेले केस विंचरून काढा आणि पोटाचे बारीक करून घ्या. शित्झू, ल्हासा, पूडल, माल्टीज असेल तर बिनधास्त कापा. आणि अंगभर जटा झाल्या असतील तर जात कुठलीही असो, कापावंच लागतं.

एक वाक्य म्हणता म्हणता तीन झाली. पुढचं सगळं ह्याचंच स्पष्टीकरण आहे.

आमचा कुत्रा नेमका कुठल्या प्रकारात येतो ते कसं ओळखायचं? पावती नाही, कागद नाही, ओळखीतून आणलाय.

कागद लागतच नाही. पाठीवरचे केस हाताने उलटे सारा आणि आत बघा. वर लांब, जरा राठ, चमकदार केस आणि त्यांच्या खाली कापसासारखा मऊ, फिकट रंगाचा दाट थर दिसला तर तो डबल कोट. वरच्या केसांना आम्ही टॉपकोट म्हणतो, खालच्याला अंडरकोट. ह्या कुत्र्यांचे केस ठराविक लांबीला आले की थांबतात आणि वर्षातून एक-दोनदा अंडरकोट गठ्ठ्यागठ्ठ्याने गळतो, घरात कापूस पिंजल्यासारखं होतं.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यांचे केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच राहतात. नाही कापले तर डोळ्यात जातात, जमिनीला लागतात. पूडल, शित्झू, ल्हासा वगैरे. ह्यातल्या काहींना थोडाफार अंडरकोट असतो पण तरी केस वाढते असतात, त्यामुळे कापले तरी परत येतात, काही बिघडत नाही.

मिक्स असेल तर केस बघूनच ठरवायचं. आपल्याकडे ज्याला सर्रास "पॉमेरियन" म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण केसांपुरतं बोलायचं तर दोघांनाही नियम एकच.

केस म्हणजे कुत्र्याचा एसी असतो, कापले की तो जास्त तापतो असं व्हॉट्सॲपवर येतं. खरं आहे का?

अर्ध खरं आहे. आणि अर्ध खरं असल्यामुळेच दोन्ही बाजूचे लोक हमरीतुमरीवर येतात.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडासा येतो, त्याने फार काही थंडावा मिळत नाही. तो गार होतो दोन मार्गांनी. एक म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं, त्यात तोंडातली आणि श्वासनळीतली ओल उडून जाते आणि उष्णता सोबत घेऊन जाते. दुसरा म्हणजे अंगातली उष्णता कातडीतून नुसतीच बाहेरच्या हवेत जाणं, किंवा गार फरशीवर पसरून फरशीत जाणं. हा दुसरा मार्ग चालतो कधी, तर बाहेरचं तापमान अंगापेक्षा बरंच कमी असेल तेव्हा. कुत्र्याचं अंग साधारण ३८.५ अंशांचं. आता आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंश असतात, म्हणजे बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम, मग कातडी उघडी करून उष्णता बाहेर कशी जाणार, उलट आत येणार. अशा वेळी वरचे केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत, हे खरंच कामाचं असतं.

पण घरात पंखा चालू आहे, तापमान ३० अंश आहे, कुत्रा सावलीत आहे, तेव्हा तो जाड कोट काही त्याला "थंड" करत नसतो. तो उष्णता जायच्या आडच येतो. त्यामुळे केस म्हणजे एसी वगैरे म्हणणं जरा जास्तच झालं. एसी म्हणजे एसी.

मग तरीही कापू नका का म्हणते? कारण बहुतेक वेळा त्रास देणारी गोष्ट वरचे केस नसतातच. आत मेलेला अंडरकोट तसाच दबून बसलेला असतो, त्यात धूळ, कोंडा, ओल, आणि तो कातडीला गोधडी गुंडाळल्यासारखा चिकटून असतो. तो काढला की वरच्या केसांतून हवा खेळायला लागते, पंख्याचा वारा कातडीपर्यंत पोचतो, आणि उन्हाचं छत्रही जागेवर राहतं. म्हणजे दोन्ही फायदे, आणि टक्कल केल्यावर जे उपद्व्याप होतात ते एकही नाही.

टक्कल केल्याने असं होतं तरी काय? शेजाऱ्यांनी केलं, त्यांचा तर छान उड्या मारतोय.

मारत असेल. सगळ्यांचंच वाईट होतं असं मी कधीच म्हणत नाही, पुष्कळ कुत्र्यांचे केस नीट परत येतात. पण कुणाचे येतील आणि कुणाचे नाही हे आधी सांगता येत नाही, आणि पॉम, स्पिट्झ, हस्की, चाऊ ह्यांच्यात न येण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

त्यामागचं कारण असं की केसाचं एक चक्र असतं, वाढायचं, मग थांबायचं, मग गळायचं. पूडलचे केस जवळजवळ सगळा वेळ वाढीच्या टप्प्यात असतात म्हणून कापले की लगेच वाढायला लागतात. हस्की, पॉम ह्यांचे बहुतेक केस थांबलेल्या टप्प्यात असतात. कापल्यावर ते मूळ "आपल्याला कापलं" म्हणून जागं होत नाही, ते आपल्या चक्राप्रमाणे पुढची पाळी आली की मगच उठतं. तोवर कुत्रा तसाच. सहा महिने, वर्ष, कधी दीड-दोन वर्षंसुद्धा लागतात. लॅबसारख्याचे तीन-चार महिन्यांत भरून येतात.

आणि परत येतात तेव्हा कसे येतात ते बघण्यासारखं असतं. आधी अंडरकोट येतो, वरचे राठ केस मागे राहतात. पाठीवर हात फिरवला की लोकरीच्या जुन्या स्वेटरवर फिरवल्यासारखं लागतं, चमक नाही, रंग फिकट, मध्येच कुठे एखादं टक्कल. एक स्पिट्झ येतो माझ्याकडे, दुसरीकडे झिरो कट करून आणलेला, त्याला मैदानात फिरवून आणलं की कुसळं आणि गोखरू अंगभर, कारण ते अडवणारे, घसरवून टाकणारे वरचे केसच नाहीत. पाऊस पडला की पाणी निथळत नाही, आतपर्यंत भिजतो. त्याच्या घरचे काका म्हणतात, "पूर्वी झटकलं की कोरडा व्हायचा, आता दोन टॉवेल लागतात".

शिवाय पांढऱ्या कुत्र्यांची कातडी गुलाबी असते, ती उन्हाने भाजते. डास उघड्या कातडीवर तुटून पडतात. आणि नवख्या माणसाने तापलेलं ब्लेड चालवलं तर कातडीला जे लाल चट्टे पडतात ते चाटून चाटून त्याची जखम होते, ते वेगळंच.

पिल्लाचं जावळ काढलं की केस दाट येतात ना? आमच्या सासूबाई म्हणतात.

नाही हो. माणसाच्या बाळाचेही त्याने दाट होत नाहीत आणि कुत्र्याचेही होत नाहीत. पिल्लाचे मऊ केस चार महिन्यांनंतर आपोआप गळायला लागतात आणि मोठेपणीचे येतात, मधल्या काळात पॉमचं पिल्लू एकदम ध्यान दिसतं, तोंड माकडासारखं, अंगावर ठिकठिकाणी विरळ, तेव्हा लोक घाबरून मशीन मारतात. मारू नका. थांबा. सासूबाईंना सांगायचं असेल तर माझं नाव सांगा, मला चालेल.

मग अंडरकोट घरी कसा काढायचा? आम्ही रोज ब्रश करतो तरी केस निघतच असतात.

रोज ब्रश करतो म्हणणारे दहापैकी आठ जण वरवरच करतात, वरचे केस गुळगुळीत दिसतात आणि आत गादी भरल्यासारखं असतं. बोटं आत घालून कातडीपर्यंत पोचता येतं का बघा, नाही पोचलात तर ब्रश झालेलाच नाही.

तर पद्धत अशी. कुत्र्याला कुशीवर झोपवा. खालून सुरुवात करायची, म्हणजे मांडीच्या खालच्या टोकापासून. डाव्या हाताने केस वर सारून दाबून धरायचे, म्हणजे खाली कातडीची एक रेघ दिसते, आणि त्या रेघेतले थोडेसेच केस स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) किंवा रेकने (लांब दातांची फणी) खाली ओढायचे. मग डावा हात बोटभर वर सरकवायचा, पुढची रेघ. असं करत पाठीपर्यंत जायचं. प्रत्येक रेघेला कातडी दिसली पाहिजे. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून फिरवायचा, तो न अडकता आला की ती बाजू झाली. जोर लावू नका, स्लिकरचे दात कातडीला ओरबाडतात, स्वतःच्या मनगटावर एकदा ओढून बघा म्हणजे अंदाज येईल.

एका बैठकीत सगळं होणार नाही, आज मांड्या, उद्या पाठ, परवा मानेभोवतीचे दाट केस. गोल्डनचा मागचा भाग, म्हणजे शेपटीखालचा पायजमा, तिथे सगळ्यात जास्त माल निघतो. गळतीच्या दिवसांत रोज पंधरा-वीस मिनिटं, एरवी आठवड्यातून दोनदा पुरे. आपल्याकडे साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपताना गळती वाढते, पण घरात दिवे रात्री उशिरापर्यंत चालू, एसी चालू असं असलं की कुत्र्याच्या शरीराला ऋतू नीट कळत नाही आणि मग बारा महिने थोडं थोडं गळत राहतं.

ते ब्लेडसारखे दात असलेलं डिशेडिंग टूल मिळतं ना, त्याने केस भराभर निघतात म्हणून लोक खूश होतात. जपून वापरा, महिन्यातून एखाद वेळ. जास्त घासलं तर ते वरचे केससुद्धा तोडतं, म्हणजे हळूहळू टक्कलच.

आणि अंघोळ आधी की ब्रश आधी? ब्रश आधी. गुंता ओला झाला की आवळतो. अंघोळीनंतर जोरदार ब्लोअरने वाळवलं तर उरलेला अंडरकोट भुरभुर उडून येतो, बघायला मजा येते पण बाल्कनीत करा, घरात नको. आपला केसांचा ड्रायर वापरणार असाल तर गार हवेवर.

पूर्ण टक्कल नको, मग काय काय कापलेलं चालतं?

पुष्कळ. आणि खरं तर ह्यातच बराच फरक पडतो.

पोट आणि मांड्यांची आतली बाजू बारीक करून घ्या. तिथे ऊन लागत नाही, आणि कुत्रा गार फरशीवर पोट टेकवून पसरतो तेव्हा उष्णता सरळ फरशीत जाते. वरून दिसतही नाही. ज्यांना "काहीतरी कापाच" असं वाटत असतं त्यांना मी हेच करून देते आणि दोघंही खूश, कुत्रा पण आणि मालक पण.

तळपायांच्या गाद्यांमधले केस काढायचे, टाइल्सवर घसरत नाही आणि गोचिडं लपून बसायची जागा जाते. शेपटीखाली आणि शूच्या जागेभोवतीचे बारीक करायचे, स्वच्छतेसाठी. कानामागचे, पायांच्या मागची झालर कात्रीने थोडी आटोपशीर केली तरी चालते. पाठ, बरगड्या, मान आणि शेपूट इथे मशीन नको.

जटा झाल्यात. फार. आता?

मग कापा. इथे मी अजिबात "कोट वाचवू" म्हणत नाही. जट कातडीला सतत ओढत असते, चालताना दुखतं, खाली हवा जात नाही, कातडी ओली राहून सडते, कधीकधी खाली जखम आणि अळ्यासुद्धा निघतात. अशा कुत्र्याला तीन तास विंचरत बसणं म्हणजे छळ.

पण घरी कात्रीने कापू नका, हे हात जोडून सांगते. जट कातडीला वर ओढून घेते, आपल्याला वाटतं केस कापतोय आणि कात्री कातडीत जाते. काखेत आणि कानामागे तर कातडी कागदासारखी पातळ. मशीनने, जटेच्या खालून, कातडीला लागून कापावं लागतं, ते ग्रूमरकडे किंवा डॉक्टरांकडेच. एखाद-दुसरीच छोटी जट असेल तर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी बाहेरच्या टोकाकडून मुळाकडे सोडवत या, बऱ्याचदा सुटते.

शित्झू आहे. किती बारीक करू?

साधारण अर्धा इंच ठेवा, अगदी कातडी दिसेल इतकं नको. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितका केस बारीक, हे लोकांना उलटं वाटतं. १० नंबरने जेमतेम दीड मिलिमीटर उरतो, ७ एफ ने तीन, ४ एफ ने साडेनऊच्या आसपास, ३ एफ ने तेरा. "झिरो करा" म्हणण्यापेक्षा "३ एफ किंवा ४ एफ लावा" म्हणालात तर समोरचा ग्रूमरही सरळ होतो. मशीन दर पाच मिनिटांनी थांबवून ब्लेड हाताला लावून बघतो का, एवढं मात्र उभं राहून बघा.

आणि हो, शित्झू, पग, पर्शियन मांजर, ही चपट्या नाकाची मंडळी. ह्यांना धापा नीट टाकता येत नाहीत, केस कितीही बारीक केले तरी ऊन ह्यांनाच आधी लागतं. हेअरकट झाला म्हणून दुपारी फिरायला नेऊ नका.

केस कापले की गोचिडं होत नाहीत ना?

होतात. दिसतात लवकर, एवढाच फायदा. गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कुंड्यांखाली असते, तिथून येते आणि रक्त पिऊन परत तिथेच जाते. कुत्र्याला टक्कल करून घर तसंच ठेवलं तर काय उपयोग. डॉक्टरांकडून गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या आणि घरातही फवारणी करा. घरात मांजर असेल तर औषध घेताना आवर्जून सांगा, कुत्र्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं ते मांजरीला विष आहे.

कुत्रा एकदम सुस्त, खात नाही, ताप, हिरड्या पांढऱ्या पडल्यात असं दिसलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून थांबू नका, टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, असू शकतो, त्याच दिवशी रक्त तपासा.

घरात लहान बाळाला दम्याचा त्रास आहे, केस कापले तर फरक पडेल?

फार नाही. त्रास केसांचा नसतो, कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात जे असतं त्याचा असतो. कोंडा तर टक्कल केल्यावरही पडतोच. आणि सोफ्यावरच्या केसांचं म्हणाल तर कापल्यावर लांब केसांऐवजी सुईसारखे बारीक केस पडतात, ते कपड्यात असे घुसतात की झटकून निघत नाहीत. लॅबवाल्यांना विचारा.

आम्ही मुंबईत राहतो, नागपूरएवढं तापमान नाही. आम्हाला पण हेच लागू का?

थोडं वेगळं आहे. आमच्याकडे ऊन कडक पण हवा कोरडी, त्यामुळे धापा टाकल्या की ओल पटकन उडते, आणि कूलर लावला की काम होतं. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक सालपटांच्या ताट्या लावलेला जुना लोखंडी डेझर्ट कूलर आणि त्याच्यासमोर पसरलेला कुत्रा, हे विदर्भातल्या घराघरातलं मे महिन्याचं चित्र.

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे तापमान ३३-३४ च असतं पण हवेत इतकं पाणी असतं की ओल उडतच नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि गार होत नाही. कूलर लावला तर अजून दमट. तिथे एसी किंवा जोराचा पंखा आणि मोकळी फरशी, हेच उपाय. किनाऱ्यावरच्या लोकांनी अंडरकोट काढण्याबाबत आमच्यापेक्षा जास्त काटेकोर असायला हवं, कारण दाट कोटात ओल राहिली की कातडीला बुरशी आणि हॉट स्पॉट. हॉट स्पॉट म्हणजे सकाळी रुपयाएवढी लाल ओली जागा दिसते आणि संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी होते. तेवढ्या भागाचे केस कापावेच लागतात, डॉक्टरच कापतात, ते टक्कल म्हणून धरू नका.

पुण्यात दोन्हीच्या मधलं. पुणेकरांना ते आवडेलच.

पावसाळ्याच्या आधी कापून घेतलं तर सुकवायला सोपं जाईल का?

ज्यांचे केस वाढते आहेत त्यांना हो, मे अखेरीस कापून घ्या, जून-जुलैत सुखी राहाल. डबल कोटवाल्यांना अंडरकोट मोकळा केलेला असेल तर वरून पाणी निथळून जातं, टॉवेल आणि पंखा पुरतो. कॉलर मात्र घरात आल्यावर काढून ठेवा, त्याच्या खालीच पहिली बुरशी येते.

आमचा कुत्रा बारा वर्षांचा आहे, ब्रश करू देत नाही, उभं राहवत नाही. त्याचं काय?

त्याला आता शोमध्ये कोण नेणारेय. संधिवात असलेल्या म्हाताऱ्याला तासभर उभं करून रेक ओढण्यापेक्षा इंचभर केस ठेवून सरळ कापा, परत आले नाहीत तरी चालेल. कोट वाचवायचा हा नियम कुत्र्याच्या सोयीसाठी आहे. फक्त त्याला उन्हात झोपू देऊ नका आणि डिसेंबरमध्ये अंगावर काहीतरी घाला, आमच्याकडे थंडीही कमी नसते.

ह्याउलट तरुण कुत्र्याचे केस न कापताच गळतायत, पाठीवर दोन्ही बाजूला सारखंच विरळ झालंय, वजन वाढलंय, तर ते ग्रूमिंगचं काम नाही. थायरॉईड तपासा. पॉमना तर हार्मोनशी संबंधित एक टकलेपणही होतं. नागपूर आणि परळ दोन्हीकडच्या पशुवैद्यकीय कॉलेजांना जोडून दवाखाने आहेत, तिथे दाखवू शकता. आणि नसबंदीनंतर गोल्डन, कॉकर ह्यांचे केस लोकरीसारखे फुलतात, तो आजार नाही, ब्रश मात्र जास्त लागतो.

आम्ही तर गेल्या आठवड्यातच टक्कल करून आणला. आता काय करू?

झालं ते झालं, कुत्र्यासमोर रडत बसू नका. सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच फिरवा. डांबरावर हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पाय तरी कसे ठेवतील. उन्हात जावंच लागलं तर पातळ सुती कपडा घाला. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, बऱ्याच क्रीममध्ये झिंक असतं, ते चाटलं की पोटात जाऊन विषबाधा होते. खोबरेल तेलही चोपडू नका, धूळ चिकटते आणि ते दिवसभर चाटत बसतात. केस यायला लागले की मऊ ब्रश रोज फिरवा. आणि पुढच्या मार्चला परत मशीन नको, निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या.

ऊन लागलं हे कसं कळतं आणि लगेच काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारतात आणि खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण ऊन लागून कुत्री दगावतात, केसांमुळे नाही.

धापा थांबतच नाहीत, जीभ आणि हिरड्या गडद लाल, चिकट घट्ट लाळ, पाय लटपटतात, उलटी किंवा जुलाब, हाक मारली तर बघत नाही. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून बघा, नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं तर धोका, १०६ म्हणजे जिवावर बेतलेलं.

लगेच सावलीत आणा, नळाचं पाणी भरपूर ओता, पोटावर, मांड्यांमध्ये, पायांवर, डबल कोट असेल तर बोटांनी केस फाकवून पाणी कातडीपर्यंत जातंय का बघा नाहीतर वरून ओघळून जातं, आणि समोर पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो लगेच तापतो आणि उष्णता आतच कोंडते. टॉवेल अंगाखाली चालेल. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. १०३ च्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर उतरतच जातं. आधी गार करायचं आणि मग गाडीत घालायचं, दवाखाना लांब असेल तर गाडीतही ओलाच असू द्या, एसी फुल. बरा दिसला तरी डॉक्टरांकडे न्याच, मूत्रपिंडाचं आणि रक्ताचं बिघडलेलं दुसऱ्या दिवशी कळतं.

बर्फ खाल्ल्याने कुत्रा मरतो वगैरे जे फिरतं त्यात काही तथ्य नाही, निरोगी कुत्र्याला एखादा बर्फाचा तुकडा चघळायला द्या, बिनमिठाचं पातळ ताक द्या, आवडीने पितात.

नागपुरात हस्की घ्यावा का?

नको.

चोवीस तास एसी ठेवू म्हणतो आम्ही.

लाइट गेल्यावर काय? तरी नको.

काढलेला अंडरकोट बाल्कनीत ठेवला तर चिमण्या घरट्याला नेतात म्हणे, ठेवू का?

नेतात, चोचीत मावेल तेवढा नेतात, बघायला छान वाटतं. पण कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलेलं असेल तर त्याचा अंश केसांत राहतो आणि तो घरट्यात पिल्लांच्या अंगाला लागतो. उन्हाळ्यात औषध न लावलेला कुत्रा आपल्याकडे सापडणं कठीण, त्यामुळे सरळ पिशवीत बांधून सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या. नालीत टाकू नका, तुंबते.